अर्ज माझा, मोबाईल नंबर भलत्याचाच

मागच्या अंकात आपण एवढंच विचारलं होतं की सरकारी योजनेचा फॉर्म भरताना तुम्हाला धास्ती कशाची वाटते. मला वाटलं पैसे कधी येणार, हप्ता का अडकला, असलेच प्रश्न येतील. पण निम्मी पत्रं माहितीबद्दलच आलीत, माझा आधार कुणाकडे गेला, यादीत माझं नाव कोण कोण वाचतंय, नवऱ्याचा ओटीपी कशाला पाहिजे वगैरे. मी ३३ वर्षं बँकेत काढली, शेवटची काही वर्षं तर निव्वळ कर्जमाफीच्या याद्या आणि आधार जोडणीतच गेली, त्यामुळे या विषयावर माझी मतं जरा ठाम आहेत, आधीच सांगून ठेवतो. पत्रं थोडी कापलीत. नावं कुणाचीच टाकलेली नाहीत, विषयच तो आहे.

प्रश्न : लाडकी बहीणची ई-केवायसी (आधारवरून ऑनलाईन ओळख पडताळणी) करताना माझ्या आधारनंतर नवऱ्याचा आधार नंबर मागितला आणि ओटीपी त्याच्या मोबाईलवर गेला. आम्ही चार वर्षं वेगळे राहतोय, घटस्फोटाचे कागद अजून झालेले नाहीत. पैसे माझ्या खात्यात येतात, फॉर्म मी भरला, मग त्याची माहिती कशाला? आणि आमच्या शेजारणीकडे तर गाडी आहे का बघायला माणसं आली होती, ही परवानगी आम्ही कधी दिली?
(एक ताई, सोलापूर जिल्हा)

उत्तर : ताई, तुमचा प्रश्न दोन वेळा वाचला. आधी कारण सांगतो, मग माझं मत.

योजना जुलै २०२४ पासून लागू झाली, महिना १५०० रुपये, वय २१ ते ६५, आणि मुख्य अट म्हणजे कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत. इथे 'कुटुंबाचं' हा शब्द सगळा घोळ करतो. तुमचं एकटीचं उत्पन्न बघून भागत नाही, म्हणून लग्न झालेलीला नवऱ्याचा आणि न झालेलीला वडिलांचा आधार मागतात, म्हणजे त्या नंबरवरून त्यांचं उत्पन्न तपासता येतं. २०२५ मध्ये हेच झालं, आयकर खात्याकडची माहिती घेतली, परिवहन खात्याकडून चारचाकीवाल्यांची यादी घेतली (ट्रॅक्टर सोडून), आणि ती यादी घेऊन अंगणवाडी सेविकांना दारोदार पाठवलं. तुमच्या शेजारणीकडे आलेली माणसं तीच असणार. जुलै २०२५ मध्ये महिला व बालविकास खात्याच्या मंत्र्यांनी स्वतः सांगितलं की २६ लाख ३४ हजार लाभार्थी अपात्र असूनही लाभ घेत असल्याचं दिसतंय आणि त्यांचे पैसे तात्पुरते थांबवलेत. ज्यांना नमो शेतकरीचे आणि पीएम किसानचे मिळून महिन्याला हजार पडतात, त्या बायकांना इथे फरकाचे फक्त पाचशे मिळतात, ते कसं कळलं? दोन योजनांच्या याद्या एकमेकींना लावून बघितल्या म्हणून कळलं. म्हणजे तुम्ही एका खिडकीत दिलेला कागद मागच्या दाराने चार खिडक्यांत फिरून आलेला असतो.

परवानगी कधी दिली म्हणाल, तर अर्जासोबत ते हमीपत्र होतं ना, एका खाली एक टिक मारत गेलेलो आपण सगळे, त्यात आधारने ओळख पटवायला माझी हरकत नाही अशा अर्थाचं कलम होतं. मी आमच्या घरातले तीन फॉर्म भरले, एकाही वेळी ते पूर्ण वाचलं नाही, खोटं कशाला बोलू.

आता कायद्याचं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण बहुतेक जबाबदाऱ्या लागू व्हायला १८ महिने दिलेत, म्हणजे मे २०२७ उजाडणार. आणि तो लागू झाला तरी खूप हरखून जाऊ नका, कारण त्यातच सरकारला अनुदान, लाभ, दाखले देण्यासाठी माहिती वापरायची वेगळी मोकळीक आहे, दरवेळी तुम्हाला नव्याने विचारायलाच पाहिजे असं नाही. 'माझी माहिती पुसून टाका' म्हणायचा हक्क खाजगी कंपनीपुढे चालेल, सरकारपुढे नाही. एक गोष्ट बरी आहे, अशा लाभांसाठी माहिती वापरताना सरकारने काय पाळायचं हे नियमांच्या परिशिष्टात लिहिलंय : लागेल तेवढीच घ्या, अचूक ठेवा, सांभाळून ठेवा, आणि चौकशीला कुणाशी बोलायचं ते सांगा.

माझं मत असं की उत्पन्न तपासणं चूक नाही. अडीच लाखांची अट घातली तर ती बघणारच. चूक आहे ती ओटीपीची. बाईच्या हातात स्वतःचे पैसे यावेत म्हणून काढलेली योजना, आणि तिची किल्ली नवऱ्याच्या मोबाईलमध्ये! जी नांदत नाही, जिला तो फोन उचलत नाही, तिने काय करायचं? विधवा आणि घटस्फोटितांसाठी नंतर मार्ग काढला, स्वतःची केवायसी करून मृत्यू दाखला किंवा कोर्टाचे कागद अंगणवाडी सेविकेकडे द्यायचे. पण तुमच्यासारख्या ज्या अधांतरी आहेत, कागदावर लग्न आणि प्रत्यक्षात काही नाही, त्या त्या रकान्यात बसतच नाहीत. तुम्ही वेगळं राहत असल्याचा काहीतरी लेखी पुरावा (पोटगीचा अर्ज केला असेल तर त्याची प्रत, वेगळं रेशनकार्ड) जोडून जिल्ह्याच्या महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगून घरी येऊ नका, पोच घ्याच.

अजून एक. त्या केवायसीत एक प्रश्न असा उलटा घातला होता की घरातलं कुणी सरकारी नोकरीत 'नाही' ना, हो की नाही? भल्या भल्यांनी चुकीचं बटण दाबलं आणि शेतमजूर बाई कागदावर सरकारी नोकराच्या घरची झाली. तुमचं उत्तर काय गेलंय ते एकदा तपासून घ्या.

प्रश्न : माझं नाव, बापाचं नाव, गाव सगळं पीएम किसानच्या यादीत नेटवर दिसतं. पुण्यातल्या पुतण्याने मला फोन करून सांगितलं, काका तुम्हाला दोन हजार आले का म्हणून. मला लाजल्यासारखं झालं. हे असं उघडं ठेवायचा यांना अधिकार आहे का?
(शेतकरी, वय ५८, अहिल्यानगर)

उत्तर : काका, लाजायचं काय त्यात, सहा हजार वर्षाला, तेही तीन हप्त्यांत. पण प्रश्न बरोबर आहे.

यादी उघडी ठेवण्यामागे कायदाच आहे, माहिती अधिकाराचा २००५ चा. त्याचं कलम ४ सांगतं की अनुदानाच्या योजना कशा राबवल्या, किती पैसे ठेवले आणि लाभार्थी कोण याचा तपशील सरकारने आपणहून जाहीर करायचा. आणि याचा उपयोग आहे हो. २०२० च्या फेब्रुवारीत महात्मा फुले कर्जमुक्तीच्या याद्या आल्या तेव्हा आम्ही त्या शाखेबाहेर लावल्या, ग्रामपंचायतीत, चावडीवर पण लागल्या. प्रत्येकाला एक विशिष्ट क्रमांक दिलेला, तो घेऊन आपले सरकार केंद्रात जायचं, अंगठा लावायचा, कर्जाची रक्कम बरोबर आहे का ते बघून हो म्हणायचं, नसेल तर जिल्हा समितीकडे तक्रार. सकाळी यादी लावली की लोक आधी स्वतःचं नाव शोधायचे आणि मग भिंतीला नाक लावून शेजाऱ्याचं. एक आजोबा मोठ्याने म्हणाले, "अरं हा तर वारून सहा वर्षं झाली!" वारसाची नोंद राहिलेली होती. आमच्या कॉम्प्युटरला ते दिसलं नव्हतं, भिंतीपुढे उभ्या असलेल्या माणसाला दिसलं. म्हणून मी यादी उघडी असावी या मताचा आहे.

पण उघडी म्हणजे किती? नाव, गाव, योजना, रक्कम इथे थांबायला पाहिजे. आधार नंबर, खातं नंबर, मोबाईल हे भिंतीवर कशाला? त्यावरून चोर कोण ते कळत नाही, उलट चोराची सोय होते. २०१७ मध्ये आधार प्राधिकरणानेच माहिती अधिकारात कबूल केलं होतं की केंद्र आणि राज्यांच्या मिळून साधारण २१० सरकारी वेबसाईटवर लाभार्थ्यांची नावं, पत्ते आणि आधार नंबर असं सगळं एकत्र दिसत होतं, नंतर ते काढायला लावलं. लबाडी म्हणून नाही, कुणीतरी एक्सेल फाईल उचलून जशीच्या तशी चढवली म्हणून. आधार कायद्याच्या कलम २९ प्रमाणे असा नंबर जाहीर करता येत नाही, आणि यादी द्यायचीच असेल तर तो झाकून द्यायचा असा नियम आहे. तेव्हा काका, नावाचं सोडा, पण तुमच्या गावात कुठल्याही यादीत पूर्ण आधार किंवा खातं नंबर दिसला तर फोटो काढून ठेवा आणि तहसीलदारांना लेखी द्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरात अतिवृष्टीच्या मदतीच्या याद्या फिरतात ना पीडीएफ होऊन, त्यात बघा खास करून.

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या क्लार्क सरांनी महाडीबीटी स्कॉलरशिपचे फॉर्म कुणाचे पेंडिंग आहेत ते कळावं म्हणून अख्खी एक्सेल क्लासच्या ग्रुपवर टाकली. नाव, जात, उत्पन्न, मोबाईल, अकाउंट नंबर सगळं. आता मुलं चिडवतात, तुझ्या पप्पांचं उत्पन्न एवढंच का. सरांना बोललं तर म्हणाले गैरसोय नको म्हणून टाकली.
(विद्यार्थिनी, दुसरं वर्ष)

उत्तर : बाळा, राग आला वाचून. सरांच्या मनात वाईट नसेल, बहुतेक नसतंच, तीनशे मुलांना एकेकाला फोन कोण करणार म्हणून टाकली असेल. पण शिष्यवृत्ती मिळावी म्हणून मुलीने जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला कॉलेजला दिला तो पडताळणीसाठी, वर्गात वाचून दाखवायला नाही दिला.

करायचं असं. आज पहिलं काम म्हणजे ती फाईल 'सगळ्यांसाठी डिलीट' करायला सांगणं, वेळ गेलेली असेल तर ग्रुप ॲडमिनला सांग, ॲडमिनला ती काढता येते. ज्यांनी डाउनलोड केली त्यांच्याकडे राहणारच, ते आता हातात नाही. मग प्राचार्यांना लेखी अर्ज, दोन-चार जणींनी मिळून सह्या करा म्हणजे एकटीवर कुणी डोळा ठेवणार नाही. त्यात मागणी एवढीच ठेव : इथून पुढे पेंडिंगची यादी अर्ज क्रमांकाने लावा. बास. महाडीबीटीवर प्रत्येक अर्जाला नंबर असतोच, ज्याचा त्याला माहीत असतो, नावाची गरजच पडत नाही. अर्जाची प्रत जिल्ह्याच्या समाज कल्याण सहायक आयुक्तांना दे (तुझी शिष्यवृत्ती दुसऱ्या खात्याची असेल तर त्या खात्याला). फाईलमध्ये आधार नंबर पण होता का ते नीट बघ, असेल तर वरच्या काकांना सांगितलेलं कलम २९ तुझ्याही कामाचं आहे. चिडवणाऱ्यांचं म्हणशील तर ते जातीवरून असेल तर ती चेष्टा राहत नाही, प्रत्येक कॉलेजात त्यासाठी समान संधी केंद्र किंवा तक्रार समिती असते, तिथे जा, एकटी जाऊ नकोस.

प्रश्न : पीएम किसानचा हप्ता चालू ठेवायला ॲप टाका म्हणून व्हॉट्सॲपवर फाईल आलीय, टाकू का?

उत्तर : नको! नावाच्या शेवटी एपीके असलेली फाईल व्हॉट्सॲपवरून कधीच टाकायची नाही, मग ती भावाने पाठवलेली असो नाहीतर सरपंचाने. ती तुमचे मेसेज वाचते आणि ओटीपी परस्पर पुढे पाठवते. टाकून झाली असेल तर नेट बंद करा, बँकेला कळवा आणि १९३० ला फोन लावा, जितका लवकर तितकं बरं.

प्रश्न : गॅसची सबसिडी आणि आईची पेन्शन भलत्याच खात्यात जमा होतेय. बँक म्हणते आमच्याकडे काही नाही, योजनेचं ऑफिस म्हणतं आम्ही पाठवले. मग पैसे ठरवतो कोण?

उत्तर : हा माझा आवडता प्रश्न कारण दहा वर्षं काउंटरवर हेच समजावत आलो. तुम्ही फॉर्मवर खातं नंबर लिहिता म्हणून पैसे त्याच खात्यात जातात हा समज काढून टाका. बहुतेक योजनांचे पैसे आधार नंबरवर जातात. कुठल्या आधारला कुठली बँक जोडलीय याची एक नोंद एनपीसीआयकडे (बँकांमधले पैशाचे व्यवहार जोडणारी संस्था) असते, आणि एका आधारला एकच बँक, ज्या बँकेने शेवटी जोडणी केली ती. आईने मध्ये कुठे शून्य शिलकीचं खातं काढलं, सिमकार्ड घेताना अंगठा लावला, असं काही झालं का आठवा. २०१७ मध्ये असाच प्रकार देशभर गाजला होता, सिमच्या पडताळणीला अंगठा घेतला आणि एका मोबाईल कंपनीच्या पेमेंट बँकेत लोकांची खाती उघडली गेली, गॅसची सबसिडी तिकडे जमा, आणि लोकांना पत्ताच नाही. आधार प्राधिकरणाने तेव्हा त्यांची केवायसीच थांबवली होती.

आधारच्या साईटवर लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस' बघा, बँकेचं नाव दिसेल. ज्या बँकेत पाहिजे तिथे जाऊन आधार सीडिंगचा, लक्षात घ्या सीडिंगचा, फॉर्म भरा. नुसतं 'आधार लिंक आहे' एवढ्याने होत नाही, केवायसीला आधार जोडणं वेगळं आणि डीबीटीसाठी, म्हणजे योजनेचे पैसे थेट खात्यात यायला लागतं ते सीडिंग वेगळं. काउंटरवरच्या पोराला पण बऱ्याचदा हा फरक माहीत नसतो, आमच्याकडे नव्हता.

प्रश्न : पंचायत समितीत सिंचन विहिरींच्या लाभार्थ्यांची यादी माहिती अधिकारात मागितली. 'वैयक्तिक माहिती असल्याने देता येत नाही, नवीन कायदा आलाय' असं उत्तर दिलं. आमच्या गावात एकाच घरात दोन विहिरी कागदावर आहेत, एक पण खणलेली नाही.

उत्तर : वाटलंच होतं हे येणार. मघाचा तो माहिती संरक्षणाचा कायदा, त्याच्यातलं बाकीचं मे २०२७ ला, पण माहिती अधिकार कायद्यातली दुरुस्ती मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये लगेच लागू! आधी कलम ८(१)(ञ) मध्ये असं होतं की खाजगी माहिती नाकारता येईल, पण व्यापक जनहित असेल तर द्यावी लागेल, आणि जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती माणसालाही नाकारता येणार नाही. दुरुस्तीत हे सगळं गेलं, उरलं फक्त 'वैयक्तिक माहिती' एवढंच. त्यामुळे अधिकाऱ्याला एका ओळीत नाही म्हणायची सोय झालीय. ज्या कायद्याने माझा आधार सांभाळायचा, त्याची सुरुवात विहीर लपवण्यापासून व्हावी याला काय म्हणावं.

पण दार पूर्ण लागलेलं नाही. कलम ८(२) तसंच आहे, म्हणजे जनहित जास्त असेल तर माहिती देता येते. आणि कलम ४ मधलं लाभार्थ्यांचा तपशील जाहीर करायचं कलम कुणी काढलेलं नाही. उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत पहिलं अपील टाका, २० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, आणि त्यात ही दोन्ही कलमं नावानिशी लिहा. मागणी पण बदला : आधार, मोबाईल, खातं नको, फक्त लाभार्थ्याचं नाव, गट नंबर, मंजूर रक्कम, दिलेली रक्कम, मोजमाप पुस्तिकेची प्रत. खाजगी तेवढं तुम्हीच आधी सोडून दिलंत की त्यांच्या हातात नाकारायला फार काही राहत नाही. शिवाय रोजगार हमीतून झालेल्या कामांची हजेरीपत्रकं कित्येक वर्षं वेबसाईटवर उघडी आहेत, ती आधी बघा, न खणलेल्या विहिरीवर कुणाकुणाची हजेरी लागलीय ते तिथेच सापडेल.

प्रश्न : फॉर्म भरून देणारा मुलगा आधार, पासबुक, दाखले सगळं त्याच्याच मोबाईलमध्ये ठेवतो. अंगठाही दोनदा घेतो, पहिला आला नाही म्हणतो. भीती वाटते, पण त्याच्याशिवाय फॉर्म भरणार कोण?
(एक आजी, नातवाने टाईप केलंय)

उत्तर : आजी, अंगठा खरंच पहिल्यांदा येत नाही पुष्कळदा, काम केलेले हात असले की रेघा पुसट होतात, तेव्हा लगेच पोराला चोर ठरवू नका. पण तपासता येतं. नातवाला सांगा, आधारच्या साईटवर 'ऑथेंटिकेशन हिस्ट्री' असते, मागच्या सहा महिन्यांत तुमचा आधार कुठे कुठे वापरला गेला ते तारीख-वेळेसकट दिसतं, जास्तीत जास्त ५० नोंदी. तुम्ही घरी झोपलेल्या असताना अंगठा लागलेला दिसला तर समजायचं. आणि तिथेच बायोमेट्रिक लॉक करता येतं, काम असेल तेव्हा उघडायचं, झालं की परत बंद. इतर राज्यांत खरेदीखतावरचे अंगठे उचलून त्यांचे सिलिकॉनचे ठसे बनवून लोकांच्या खात्यातून पैसे काढल्याच्या केसेस झाल्यात, म्हणून सांगतोय. झेरॉक्स द्यायची तर शेवटचे चारच आकडे दिसणारा आधार द्या, 'मास्क्ड' म्हणतात त्याला. गंमत म्हणजे मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू ऑफिसने लोकांना हेच करा म्हणून सांगितलं होतं, आणि दोन दिवसांत दिल्लीने तो सल्ला मागे घेतला, लोक घाबरतील म्हणून! ज्या ऑफिसला पूर्ण नंबर लागतोच तिथे झेरॉक्सवर आडवं लिहा, अमुक योजनेसाठी, तारीख, सही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, फॉर्मवर मोबाईल नंबर कुणाचा घातलाय ते बघा. आमच्या वहिनींचा हप्ता अडकला म्हणून मी अर्ज उघडून बघितला तर नंबर अनोळखी. फोन लावला, तर फॉर्म भरणारा पोरगाच, अगदी अभिमानाने म्हणाला, "काका, घाबरू नका, अख्ख्या गावाचे ओटीपी माझ्याकडंच येतात." वहिनींना घेऊन आधार केंद्रात गेलो, आधारलाही त्याचाच नंबर लागलेला होता. ७५ रुपये भरून त्यांचा स्वतःचा घातला, मग अर्जातला बदलला.